बावन्न सांगितलं की पंचवीस का? दुसरीच्या वर्गात या महिन्यात काय चाललंय

हा भाग ज्यांना गाडीत रेंज नसल्यामुळे ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा घरचा आहे. मी सध्या पुण्याहून गावी आलोय, वर्क फ्रॉम होम. मधे दोन दिवस ताईकडे गेलो होतो, रिसोड तालुक्यात. जुलै महिना, सोयाबीन वीतभर वर आलेलं, डवरणीची घाई, त्यामुळे घरात दुपारी फक्त मी, लॅपटॉप आणि शाळेतून आलेली भाची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, २०२५ ला २३ जूनला उघडल्या. म्हणजे तेव्हा कुठे वर्ग रुळायला लागले होते.

रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "तिले आकडेच समजून नाही राहिले राजा. बावन्न म्हटलं त पंचवीस टाकते. या वर्षी पाहतो, नाही त पुढच्या वर्षी कॉन्व्हेंटात टाकतो."

कॉन्व्हेंट म्हणजे आपल्याकडे तालुक्याची कुठलीही इंग्रजी शाळा, हे तुम्हाला माहीत आहेच. फी, व्हॅनचे पैसे, सकाळी सातला गाडी. ताई गप्प होती. भाची ताटात बघत होती. सात वर्षांच्या पोरीला कळतं हो, आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय ते.

गंमत अशी की मॅडम तर म्हणतात पोरगी बरी आहे. ताईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, वहीत तिचं बरोबर असतं. आता एकाच पोरीला वर्गात आकडे येतात आणि घरी येत नाहीत, हे कसं? आपण इंजिनिअर माणसं, एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, असा बग दिसला की झोप लागत नाही.

म्हणून मी दुपारी तिच्यासोबत बसलो. पाटी दिली आणि म्हटलं, बावन्न लिही. तिने काय केलं असेल? आधी पाटीवर २ लिहिला. थोडी जागा सोडून. मग त्याच्या डाव्या बाजूला ५ लिहिला. झाले ५२. एकदम बरोबर. मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून दिला. म्हटलं, बावन्न टाक. तिने २ दाबला, ५ दाबला. स्क्रीनवर २५.

सापडला बग! भाऊजी खताचा, मजुरीचा हिशोब मोबाइलवर करतात आणि मधे मधे तिला म्हणतात, हे टाक, ते टाक. पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहिता येतं, मोबाइल तशी जागा सोडूच देत नाही. पोरीला बावन्न येत होतं. ती फक्त जसं ऐकू येत होतं त्याच क्रमाने बोटं चालवत होती.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. पण थांबा, बावन्न हा शब्द जरा कान देऊन ऐका. बा-वन्न. "बा" म्हणजे दोन, "वन्न" म्हणजे पन्नास. आपण बोलताना एकक आधी बोलतो, दशक मागून. लिहिताना मात्र दशक आधी, एकक नंतर. ऐकलेला पहिला तुकडा डोक्यात धरून ठेवायचा, दुसरा आधी लिहायचा, मग धरलेला सोडायचा. आपल्याला सवय झाल्यामुळे हे दिसतच नाही. सात वर्षांच्या डोक्यासाठी ही चांगली कसरत आहे.

कॉम्प्युटरवाल्यांना हे ओळखीचं आहे. कुठल्याही मोठ्या संख्येचे तुकडे मेमरीत ठेवताना काही मशीन मोठा तुकडा आधी ठेवतात, काही लहान आधी. त्याला बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हणतात. एक मशीन एका पद्धतीने लिहितं आणि दुसरं उलट्या पद्धतीने वाचतं, तेव्हा आकडा भलताच निघतो. मराठी बोलताना २१ ते ९९ लिटल-एंडियन आहे. पण शंभराच्या पुढे गेलं की? एकशे तेवीस. म्हणजे आधी १, मग ३, मग २. धड पुढून नाही, धड मागून नाही. अमेरिकन लोक तारीख लिहिताना महिना आधी, मग दिवस, मग वर्ष लिहितात आणि आपण हसतो. आपलंही तेच आहे.

सोयाबीनचंच घ्या. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. वाचा मोठ्याने: चार हजार आठशे ब्याण्णव. कानाला ४, ८, २, ९ असं येतं. २०२५-२६ चा ५,३२८. पाच हजार तीनशे अठ्ठावीस. ५, ३, ८, २. बाजार समितीत भाव मिळतो किती हा वेगळा रडण्याचा विषय, तो दुसऱ्या भागात.

दुसरी अडचण क्रमाची नाही, पाठांतराची आहे. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि मग वीस, तीस करत नव्वदपर्यंत, अशी सत्तावीस नावं आली की ९९ पर्यंतचं सगळं जोडून बनवता येतं. मराठीत तसं नाही. प्रत्येक नावाचा वेगळा घाट आहे. दोन हा एकच आकडा बघा: बावीसमध्ये तो "बा" आहे, बत्तीसमध्ये "ब", बेचाळीसमध्ये "बे", ब्याऐंशीमध्ये "ब्या". आणि "दोन" हा शब्द कुठेच नाही! सहाची तर कमालच आहे. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. सगळ्यांच्या पोटात सहा आहे. दशकाकडूनही तेच: पन्नास कधी "वन्न" होतो, कधी "पन्न", सत्तर "हत्तर" होतो.

हे कुणी मुद्दाम अवघड केलेलं नाही. संस्कृतातलं द्वापंचाशत् प्राकृतातून घासत घासत आलं आणि बावन्न झालं. नदीतल्या गोट्यासारखं. संस्कृतातही लहान आकडा आधी बोलायचा. जुने ज्योतिषी आणि गणिती तर आकड्यांसाठी शब्द वापरायचे, शून्याला आकाश, एकाला चंद्र, दोनाला नेत्र, आणि ते शब्द एककापासून सुरू करून डावीकडे वाचायचे. म्हणजे माझी भाची पाटीवर जे करत होती तेच.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो. पहिल्या नोकरीत मला बिलावर रक्कम अक्षरी छापायचं काम दिलं होतं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. इंग्रजीचा कोड पंधरा-वीस ओळीत संपला. मराठीला नियमच लागेना. शेवटी शंभर शब्दांची यादी हाताने टाईप केली. बरं, टाईप करताना ८९ च्या जागी मी "एकोणऐंशी" लिहून बसलो. ते ७९ चं नाव. टेस्टिंगमध्ये ८९ कुणी टाकलंच नाही. काही महिन्यांनी एका ग्राहकाने बिलाचा फोटो पाठवला, अंकी ८९, अक्षरी एकोणऐंशी. बीटेक झालेला, मराठी माध्यमात दहावी केलेला मुलगा, पंचविशीत. त्यामुळे दुसरीतल्या पोरीवर रागावण्याचा मला तरी काही अधिकार नाही.

आता २०१९ ची गोष्ट, जी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मीम्समुळे आठवत असेल. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन, पन्नास दोन अशी संख्यानावं आली. जून महिना होता. टीव्हीवर चर्चा, वर्तमानपत्रात अग्रलेख, विधानसभेतही विषय निघाला, नेत्यांच्या आडनावांवरून विनोद झाले. मराठीची वाट लावली असा एकच गलका. मी तेव्हा कॉलेजला होतो आणि खरं सांगतो, मीही दोन मीम्स फॉरवर्ड केले होते.

गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गणितज्ञ, "गणिताच्या सोप्या वाटा" लिहिणाऱ्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची नावं लहान मुलांना अडतात, त्यातून गणिताची भीती बसते. दक्षिणेतल्या भाषांमध्ये दशक आधी बोलतात आणि ते मुलांना सोपं जातं. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही पर्याय होते, सक्ती नव्हती. ही शेवटची गोष्ट मीम्समध्ये अर्थातच नव्हती.

दक्षिणेचं खरंच तसं आहे. तेलुगूत बावन्नला म्हणतात "याभै रेंडु", पन्नास दोन. कन्नडमध्येही पन्नास आधी. आपल्यापासून आदिलाबाद काही लांब नाही, पण तिकडचं पोरगं हा उलटसुलट व्यायाम न करता लिहून मोकळं होतं.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. जर्मन लोक आजही दोन-आणि-पन्नास म्हणतात. तिथे २००४ पासून काही लोकांनी संस्था काढलीय, "वीस-एक" या अर्थाच्या नावाची, की निदान शाळेत दोन्ही पद्धती शिकवा. नॉर्वेची गोष्ट तर मला फार आवडते. तिथेही पूर्वी दोन-आणि-पन्नास होतं. टेलिफोन वाढले, नंबर सांगताना आणि फिरवताना घोळ व्हायला लागले. टेलिफोन खात्याने मागणी केली, संसदेने ठराव केला आणि १ जुलै १९५१ पासून शाळेत, रेडिओवर, सरकारी कामात पन्नास-दोन सुरू झालं. म्हणजे भाषा बदलायला निमित्त काय झालं, तर फोन! पाटीवर चालत होतं, फोनवर अडलं. ताईच्या ओसरीवर मला दिसलं ते नॉर्वेला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिसलं होतं. अर्थात तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी जुनी पद्धत काही सोडली नाही, आणि काही तरुणही अजून दोन्ही बोलतात. संसदेने सांगितलं म्हणून जीभ लगेच वळत नाही.

मग माझं मत काय? मला वाटतं २०१९ ला आपण हसलो ते चुकलं. पण "पन्नास दोन" बाजारात चालणार नाही हेही खरं. भाची उद्या दुकानात गेली की दुकानदार बावन्नच म्हणणार, आजी बावन्नच म्हणणार. नावं तर शिकावीच लागतील. शिवाय मराठीच्या क्रमाचा एक फायदाही आहे जो कुणी सांगत नाही. बेरीज आपण एककापासून करतो. अठ्ठावीस आणि सदतीस म्हटलं की कानावर आधी आठ आणि सात येतात, पंधरा, हातचा एक, आणि मग दशक. त्या कामाला आपली नावं बरोबर क्रमात आहेत.

आणि इंग्रजी माध्यमात गेल्याने सुटका होते असंही नाही. फोर्टीन म्हणताना चार आधीच येतो की. तेरा ते एकोणीस इंग्रजीतही उलटे आहेत, म्हणून तिथली पोरंही १४ चे ४१ करतात. वीसच्या पुढे त्यांना सोपं जातं हे मान्य. पण घरी कुणी बोलत नाही अशा भाषेत सगळं गणित शिकायचं, एवढी मोठी किंमत फक्त आकड्यांच्या नावांसाठी द्यायची का? भाऊजींना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "पाहू." आमच्याकडे "पाहू" म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

(मधे एक: २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद केवढा पेटला होता, २९ जूनला सरकारने ते आदेश मागे घेतले. त्या भांडणात मी पडत नाही. पण पोरं यूट्यूबवर हिंदी आकडे ऐकतातच. भाचीने मला एकदा बेचाळीसच्या जागी "बयालीस" म्हणून दाखवलं. म्हणजे डोक्यात तीन याद्या चालू आहेत.)

आता वर्गात सध्या नेमकं काय चाललंय ते सांगतो, कारण मॅडमशी मी नंतर सविस्तर बोललो. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता यावं, २०२६-२७ पर्यंत, असं उद्दिष्ट. त्यात पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंत, दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या शेवटी ९,९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात. आपला वाशीम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातल्या चारपैकी एक, त्यामुळे शिक्षणाच्या आकड्यांवर वरून जरा जास्तच लक्ष असतं. पहिलीची पुस्तकं २०२५ ला नवीन आली. दुसरीला तेव्हा जुनंच पुस्तक होतं.

तर या महिन्यात दुसरीत दोन अंकी संख्यांची उजळणी आणि दशक-एकक चालू आहे. दहा काड्यांचा एक गठ्ठा, त्याला रबर. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या. मग मणीमाळेवर तेच, मग दहाच्या खोट्या नोटा आणि एकाची नाणी. हे सगळं झाल्यावर वहीत अंक. आपल्या वेळी थेट वहीच असायची, निदान माझ्या शाळेत तरी. गठ्ठे समोर असले की पोरं बावन्न ऐकतात, पण हात आधी गठ्ठ्यांकडे जातो. मॅडमच्या शब्दांत, "कानाला काय ऐकू येतं ते सोडा, डोळ्याला मोठं काय दिसतं ते आधी."

आणि त्यांनी अजून एक सांगितलं ते मला भारी वाटलं. त्या वर्गात अंकांची उजळणी जुन्या पद्धतीने म्हणून घेतात. दोनावर एक एकवीस, दोनावर दोन बावीस, पाचावर दोन बावन्न. आपल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी अशीच घोकलीय. आता याच्याकडे इंजिनिअरच्या नजरेने बघा. "पाचावर दोन" हा लिहायचा क्रम आहे, ५ मग २. "बावन्न" हे बोलायचं नाव आहे. एका ओळीत दोन्ही पद्धती जोडून दिल्यात, एका फॉर्मॅटमधून दुसऱ्यात नेणारा कन्व्हर्टर! २०१९ ला आपण ज्याच्यावर एवढं भांडलो त्याचं निम्मं उत्तर गावातल्या शाळेत आधीपासून पाठ होतं. आपण उजळणीला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडलं आणि शहरात ती बंदच झाली.

तुमच्या घरात पहिली-दुसरीतलं कुणी असेल, भाऊ, बहीण, पुतणी, तर आज पाच मिनिटं एवढंच करून बघा. आकडा सांगा आणि उत्तराकडे बघू नका, हाताकडे बघा. आधी कुठला अंक लिहिला? एकक आधी लिहीत असेल तर पोरगं चुकत नाहीये, ते ऐकलं तसं लिहितंय. त्याला "उलटं लिहितोस" म्हणून ओरडू नका. आधी "पाचावर दोन" म्हणू द्या, मग लिहू द्या. आणि मोबाइलवर तपासू नका, निदान दिवाळीपर्यंत तरी. पुढे तीन अंकी आकडे सुरू होतील तेव्हा हेच परत वर येईल, एकशे तेवीसचे १३२ होतील, तेव्हाही हीच युक्ती: एकावर दोन, दोनावर तीन.

मी निघायच्या आदल्या रात्री भाऊजींनी युरियाच्या गोण्यांचा हिशोब काढला. मोबाइल भाचीच्या हातात. "बावन्न टाक." ती थांबली. ओठ हलले, आवाज नाही. मग ५ दाबला, २ दाबला. भाऊजींनी स्क्रीन बघितली, काही बोलले नाहीत, पुढचा आकडा सांगितला. ताईने माझ्या ताटात न विचारता अजून एक भाकर वाढली.

झोपताना भाचीने विचारलं, "मामा, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... मंग नव्याण्णवले एकोणशंभर काहून नाही म्हणत?"

प्रश्न बरोबर होता. एकोण म्हणजे एक कमी, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे तोच नियम, आणि नेमका शेवटच्या पायरीवर मोडतो. संस्कृतात दोन्ही नावं होती, "एक कमी शंभर" असंही आणि "नऊ आणि नव्वद" असंही. मराठीने दुसरं उचललं. मी तिला एवढं सगळं सांगेपर्यंत ती झोपली होती. सकाळी उठल्यावर पाटी बघितली, तर तिने ९९ लिहून समोर एकोणशंभर लिहून ठेवलं होतं. मी खोडलं नाही. मॅडम खोडतील बहुतेक.

पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडच्या पोरांनी काय लिहिलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पाटीचा फोटो असेल तर तोही.